पान सत्तेचाळीस

ठाकूरद्वारला, जिन्याखालच्या साडेचार फुटांत
माझं बाइंडिंगचं दुकान. माझ्याआधी आबांचं.
मैद्याची खळ, तीत चिमूटभर मोरचूद,
म्हणजे झुरळं पानांच्या वाटेला जात नाहीत.
मुलांवर मात्र मोरचुदाचा काही परिणाम होत नाही.
मोफत वाचनालयातली जादूच्या गोष्टींची पुस्तकं
दर सहा-सात वर्षांनी परत येतात माझ्याकडे
कणा मोडून, कान दुमडून,
पोटात बिस्किटाचा चुरा, बसचं तिकीट,
एकदा तर दुधाचा दात, कागदात नीट गुंडाळलेला.

कुठल्या पानावर पोरांनी श्वास रोखला
ते मला न वाचता कळतं.
तिथली कड काळी पडलेली असते.
उलटवत नाही, आणि थांबवतही नाही,
अशा अंगठ्यांची ती काजळी.
वकिलांकडून कायद्याचे ग्रंथही येतात, सोनेरी अक्षरांचे.
त्यांच्या कडा शेवटपर्यंत गोऱ्यापान.

मिठाच्या घोड्याचं पुस्तक मी पहिल्यांदा बांधलं
तेव्हा त्यात सत्तेचाळीसावं पान नव्हतं.
शेहेचाळीसच्या तळाशी लिहिलेलं:
'तिनं सातवं दार ढकललं. आत—'
आणि एकोणपन्नासच्या डोक्यावर:
'म्हणून ती पोट धरून हसली, आणि घोड्यावर बसली.'
मी तिथं एक कोरं पान शिवलं.
कोऱ्या पानाचे पैसे कसले मागता, म्हणून
वाचनालयाच्या धुरंधर मास्तरांनी बिलातून चार रुपये कापले.

सात वर्षांनी पुस्तक आलं
तेव्हा ते पान कोरं राहिलं नव्हतं.

'आत समुद्र होता. ओहोटीचा. म्हणून घोडा विरघळला नाही.'
'आत आमचीच खोली. पण त्यात फक्त मी.'
'आत आठवं दार.'
त्याखाली दुसऱ्याच अक्षरात: 'चीटिंग!'
'आत बाबा. मस्कतहून आलेले. बॅग पण होती.'
ह्याखाली कुणी काही लिहिलं नव्हतं,
नुसती एक रेघ मारली होती, जागा सोडून.
'आत जखीण होती पण ती पण घाबरली.'
सही: सिम्हा नागावकर, चौथी ब.

गंमत अशी, की काहीही लिहा,
पान उलटलं की ती हसतेच.
पोट धरून.

मी खोडरबर घेतलं, ठेवून दिलं.
आणखी एक कोरं पान शिवलं, मग पुढच्या खेपेला तीन.
पुस्तक आता बाळसं धरल्यासारखं झालंय,
जुन्या पुठ्ठ्यात मावत नाही.

एक गोष्ट मास्तरांना सांगितली नाही, आबांनाही नाही.
ते पान मीच फाडलं होतं.
आठ वर्षांची होते. पुस्तक दुरुस्तीला आलेलं.
आबा जेवायला वर गेले की दुकानात मी आणि ती,
चित्रातली जखीण.
मी स्टुलावर बसले तरी बघायची,
खळीच्या पातेल्यामागे लपले तरी बघायची.
शेवटी टरकन ओढलं
आणि सरकवलं दाबयंत्राच्या लोखंडाखाली,
जिथून ती उठून येणं शक्य नव्हतं.
आबांचा ओरडा दुसऱ्याच कुणाच्या पोराला पडला.

गेल्या वर्षी दुकान रंगवायला काढलं, यंत्र हलवलं.
पान होतं. पिवळं, पापडासारखं.
जखीण इवलीशी, टपालाच्या तिकिटाएवढी.
नाकावर माशी बसलेली.
आणि डोळे मिटलेले.
घोरत होती ती. खाली छापलंच होतं तसं,
म्हणून तर पोरगी हसली पुढे.

मग अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी
माझ्याकडे कोण बघत होतं?

पुस्तक पुन्हा आलंय, पाचव्यांदा.
खरं पान चिकटवायला फार तर दहा मिनिटं.
खळ तयार आहे, हात धुतलेले आहेत.
समोरच्या शाळेची घंटा झाली,
गल्लीत दप्तरांचा धबाधब आवाज.
मी पान घेतलं, यंत्राखाली होतं तिथं ठेवलं,
झोपू दे तिला,
आणि कोऱ्या कागदाचा ताव उलगडला.

धाग्याला मेण लावते आहे.
चार रुपये ह्या खेपेलाही कापतीलच.