अर्थ एकाच ठिकाणी

साखर पेठेत शेवटचा माग थांबतो साडेअकराला,
तेव्हा कळतं
माझा अ‍ॅम्प्लिफायर किती घुमतो ते.

गाणं अजून लावलेलंच नाही.
चार व्हॉल्व्ह, तांबूस झालेले,
आणि पत्र्याच्या डब्यात अडकलेला एक भुंगा.

रसूलचाचा रेडिओवाले म्हणाले होते,
फिलामेंटच्या तारांना पीळ दे, घट्ट.
पीळ नरसम्मा आत्यानं घातला
मांडीवर, सुताला घालायची तसा.
भुंगा जरा लांब गेला.

ट्रान्सफॉर्मर फिरवून पाहिले:
एक उभा, एक आडवा,
ताणा नि बाणा.
अजून लांब. पण आहे.

मग बाबा उठले.
अडतीस वर्षं मागावर, कान कधीच गेलेले.
स्पीकरच्या कागदावर त्यांनी तळहात ठेवला,
जॉबर ठेवतो तसा, चालत्या मागावर,
आणि तेलुगूत म्हणाले,
"कुठंतरी दोनदा गाठ मारलीयस."

शोधलं. खरंच.
इनपुटपाशी एक अर्थ दिलेला,
फिल्टरच्या कपॅसिटरपाशी दुसरा,
आणि दोघांमधून फिरत होती ती घूं घूं.
अर्थ एकच असावा लागतो,
निदान पत्र्याच्या या डब्यात.
एक कापला.

बाबांचा हात अजून कागदावरच.
"बंद केलंस?"
मी मानेनं नाही म्हणतो.
चालू आहे.

तेवढ्यात अंगणात फस्स,
नळाला हवा आली, चौथ्या दिवशी,
आत्या घागरी घेऊन धावली.
मी तिच्यामागे.

कुठलं गाणं लावायचं होतं
ते राहूनच गेलं.