सामाईक भिंत

हडर्सफील्डच्या चढावर, जानेवारीत,
सत्तेचाळीस नंबरच्या दारात मी पाय पुसतो.
खांद्याला कॅमेरा. चेहरे टिपत नाही तो,
नुसती ऊब टिपतो:
आहे तिथे केशरी, निघून गेली तिथे जांभळी.
घर कुठल्या फटीतून गळतंय
ते कागदावर लिहून देणं, यावर माझं पोट.

डोरीन हेग, वय एक्क्याऐंशी.
गिरणीत कांड्या भरायची.
माझी आईही भरायची, पण मी ते सांगत नाही.
ती चहा देते. कप उचलला
की पडद्यावर दिसतं
टेबलावर उमटलेलं कपाचं बूड, विझत चाललेलं.
दाराच्या मुठीवर माझीच पाच बोटं.
आरामखुर्चीतून ती मघाशी उठली,
तिथे पाठीएवढा उजेड अजून बसून आहे.

"मग जाते कुठे ती सगळी?"

इचलकरंजीच्या शाळेत
गोसावी मास्तर छडी आपटून घोकून घ्यायचे:
निर्माण होत नाही, नष्ट होत नाही.
हातावरचा वळ हा त्याचा पुरावा.
पुस्तकात एवढंच होतं.
उष्टी होते, हे नव्हतं.
एकदा कुणी वापरली
की पुन्हा कुणाच्या पानात वाढता येत नाही.
किटलीची, दिव्याची, टीव्हीतल्या हशाची,
शेवटी सगळ्यांची एकच कोमट रास,
आधी भिंतीत, मग धुक्यात,
आणि ढग नसतील त्या रात्री थेट वर, काळोखात.

बाबा मागावरून बारा तासांनी यायचे,
पाय पसरून म्हणायचे, "सगळा जीव कापडात गेला."
कापडात नव्हता गेला, बाबा.
बराचसा पत्र्याखालच्या त्या दमट हवेत गेला.
कापडात गेला तो मूठभर,
आणि तोही कुणीतरी नेसून, धुऊन, विटवून टाकला.

डोरीन ऐकत नाहीये. मोजे वर ओढतेय.

आता आकडे.
बॉयलर ऑक्टोबरपासून बंद, नोंद समोर आहे.
ती म्हणते, संध्याकाळी लावते की.
मी वाद घालत नाही.
पण मग खोलीत चौदा अंश आले कुठून?
बाहेर उणे दोन,
खिडकीच्या चौकटीत करंगळी जाईल एवढी फट.

कॅमेरा फिरवतो. छत जांभळं. दर्शनी भिंत जांभळी.
आणि उजवीकडची,
जिच्यासमोर तिने एकही कपाट ठेवलेलं नाही,
ती खालपासून वरपर्यंत केशरी.
खुर्ची तिला चिकटून. पलंग तिला चिकटून.
कुंडीतलं रोपसुद्धा.

पलीकडे झरीना मेहमूद.
नोव्हेंबरात जुळी झाली, वजनाला कमी,
म्हणून हीटर रात्रंदिवस.
भिंतीतून त्यांचं रडणं येतं, धाग्यासारखं बारीक.
"झोप मोडत असेल तुमची?"
डोरीन भिंतीवर तळहात ठेवते.
"मोडू दे," म्हणते.

आमच्याकडे सामाईक भिंतीपायी
दोन दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.
खिळा कुणाचा, पन्हळ कुणाची.
इथल्या तक्त्यात तिला एकच रकाना,
आणि त्यात आधीच छापलेलं: शून्य.
दोन्ही घरं सारखीच उबदार धरायची, असा नियम.
नियम करणाऱ्याचा शेजार चांगला असणार.

मी शून्य तसंच ठेवतो.
खिडकीची फट लिहितो. माळ्यावरची विरळ लोकर लिहितो.
बॉयलर दुरुस्तीच्या अर्जावर तिची सही घेतो,
ती करते, आणि मला ठाऊक आहे, लावणार नाही.
झरीनाच्या बिलातले चार पैसे
इकडे राहायला आलेत, हे कुठे लिहायचं असतं
ते मला कुणी शिकवलेलं नाही.

निघताना, कॅमेरा मिटण्याआधी, एकदा मागे वळून बघतो.
डोरीनने हात काढून घेतलाय.
केशरी भिंतीवर जांभळी पाच बोटं,
इतका गार होता तो हात.
मग, मी बघत असतानाच,
करंगळीपासून सुरुवात होऊन
पलीकडून
ती भरत गेली.