बोट ठेवायला जागा

गुप्ते फोनवर म्हणाले होते,
"बाई, बोट ठेवायला जागा नाही तिच्यात."
मला हसू आलं. एकवीस वर्षं
रबाळ्याच्या कारखान्यात माझं कामच ते,
पंपाच्या अंगावरून बोट फिरवायचं
आणि अडेल तिथे खडूने फुली मारायची.

दिवा कोळीवाड्याच्या धक्क्यामागे
तिवरांना पाठ लावून ती कलंडली होती,
बावीस फूट, एका कुशीवर,
जेवण जास्त झालेल्या पाहुण्यासारखी.
नाव 'टिटवी'. शेवटची वेलांटी उन्हाने खाल्लेली.
डोलकाठी शेजारी दोन पिंपांवर आडवी
आणि तिच्यावर ओळीने बोंबील.
"काठी तुमची, बोंबील माजं," नामीबाय म्हणाली,
"सुकलं का उचलीन. घाई हाय का?"

घाई नव्हती. मला त्रेपन्न पूर्ण झाली होती.

चपला काढल्या, पोटरीपर्यंत चिखलात उतरले,
आणि वाजवून बघितली तिला, माठ वाजवतात तशी,
वीत वीत सोडून, नाकापासून मागे.
टण. टण. टण. टण.
सुकाणूच्या जरा वर, उजव्या अंगाला: थप.
पुन्हा थप.
खडू खिशात होताच. फुली.
गुप्ते वर धक्क्यावर, उन्हात छत्री उघडून,
दुसरीकडे बघत होते.

केबिनमध्ये दोघं झोपतील, भांडण नसेल तर.
एक स्टोव्ह, एक चिमटा, पोळपाट आहे, लाटणं नाही.
शिडाच्या पिशवीत उंदरीचं बाळंतपण होऊन गेलेलं.
इंजिन, "एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही."
सुरू झालं नाही.
फुली, फुली, दोरांना फुली, खिडकीच्या रबराला फुली,
तळाशी ओंजळभर काळं पाणी, फुली.
मग काय वाटलं कोण जाणे,
बोट बुडवून जिभेला लावलं.
गोडं.
म्हणजे वरून आलेलं, गेल्या पावसाचं. खालून नव्हे.
एकवीस वर्षांत पहिल्यांदाच
मारलेली फुली मी पदराने पुसली.

"आणली तेव्हा," गुप्ते आपणहून बोलले,
"वाशीच्या पुलांखालून काठी निजवून आणली.
ओहोटी बघून. भरतीला डोकं घासतं.
वरून ट्रक चाललेले, खाली मी आणि ही बसलेलो,
श्वास धरून, जसा काही श्वासानेच पूल लागणार."
ही म्हणजे कोण ते मी विचारलं नाही.
"मग हिचं डायलिसिस. आठवड्याला तीन दिवस.
काठी निजली ती निजलीच. नऊ वर्षं."

आकडा दीड लाख होता.
मी फुल्या मोजल्या: अकरा.
फुलीमागे पाच हजार, राहिले पंच्याण्णव.
त्यांनी बोटांवर हिशेब केला. "पुसलेली
धरली नाही ना?"
"नाही."
"मग ठीक. नाव मात्र बदलायचं नाही."

घरी भाऊ म्हणाला, टिटवी! ओरडली की
कोणीतरी जातं, आपली आई सांगायची.
मी म्हटलं, आईच सांगायची की ती
अंड्यांसाठी समुद्र आटवायला निघाली होती, चोचीने.
तो म्हणाला, पंच्याण्णव हजारांत
दोघांची केदारनाथ यात्रा झाली असती.
झाली असती.

आज संध्याकाळी कागद झाले. गुप्ते रिक्षात बसले,
पुन्हा उतरले, पिशवीतून लाटणं काढून दिलं
आणि गेले.
मी केबिनच्या दारात बसून राहिले.
पाणी तिवरांच्या मुळांतून आलं,
आवाज न करता, उधारी मागायला यावं तसं.
आधी सुकाणू हललं.
मग खालून काहीतरी सुटलं, चिखलाने मूठ सोडल्यासारखं,
आणि ती कुशीवरून उठून बसू लागली,
बोटभर,
आणखी बोटभर.
मी जागची हलले नाही, न जाणो माझ्याच वजनाने
पुन्हा निजायची.

वरून नामीबाय ओरडली,
"काय ओ, काठी पायजे का आता?"

"राहू द्या," मी म्हटलं, "तुमचं सुकू दे आधी."