डोमाजी परातेंचा अंगठा

मेडिकलची तीन नंबरची ओटी, मे महिना,
बाहेर सेहेचाळीस, आत एसी खोकतोय.
डोमाजी पराते, एकाहत्तर, गोळीबार चौक,
पित्ताशयात खडे.

काल संध्याकाळी वॉर्डात म्हणाले होते,
"ह्या दिवसात सूत लय तुटते बाई.
मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपडा लागते,
हवा ओली असली म्हंजे धागा आयकते.
नाहीतर कितीही खळ लावा."
मी कागदावर लिहिलं: दात तीन,
मान वळते, तोंड पुरेसं उघडतं.
खळीचं काही लिहिलं नाही.

आता ते झोपलेत.
मनगटापाशी दोन चिकट चकत्या, यंत्राचं बटण,
आणि अंगठा उडतो, चार वेळा, एकसारखा.
पन्नास वर्षं धोट्याची दोरी ओढलेला,
नख पिवळं, कडेला जुनी चीर.

औषध बेतानंच दिलंय.
शर्वरी घड्याळ बघते, "मॅडम, अजून थोडं?"
थांब.
मी सेवोफ्लुरेनची चकती एक घर पुढे सरकवते,
बॅग दाबते, सोडते, दाबते.
वाफ एकटी गाठ सोडत नाही.
नस जिथे स्नायूला निरोप देते
तेवढी जागा भिजवून ठेवते,
मग थोडकं औषधही पुष्कळ होतं.

चार.
चार, पण चौथा दमलेला.
तीन.
लांजेवार सिस्टर ट्यूबला जेली लावताहेत.
एक, तोही असा की आहे म्हणावं की नाही.
मग नुसतं बटण वाजतं.

जीभ डावीकडे, पात्याचा उजेड,
आणि तळाशी स्वरतंतू, पांढरे,
कुणी पावडीवर पाय ठेवून
ताणा उघडावा तसे दूर झालेले,
थरथर नाही.
ट्यूब मधून गेली.
आयकलं, मी मास्कच्या आत म्हणाले.

दीड तासानं वाफ बंद केली.
ओल काही लगेच सुकत नाही.
एक. बराच वेळ एकच.
सर्जन हातमोजे काढून चहाला गेले,
आम्ही दोघी स्टुलावर,
एका म्हाताऱ्या अंगठ्याकडे बघत.
दोन. मग उलटं औषध. तीन.
चौथा आला तो जवळपास पहिल्याइतका,
तरी मी आणखी पाच मिनिटं थांबले.

ट्यूब निघाल्यावर ते काही बोलले नाहीत.
डोळे मिटलेलेच.
अंगठा पहिल्या बोटावर घासत राहिले,
सूत किती नंबरचं आहे
ते बघतात तसा.