चाळणीत उरतं ते

जानेवारीतला शुक्रवार. मनामाच्या सोनेबाजारातून
दोन बस बदलून मी सारला निघालो.
दुकानाच्या काचेवर कुणी पत्रक चिकटवून गेलं होतं:
'या, आपल्या गावाची माती चाळू या.'
आपल्या?
सर्जेराव हसला. आठवडाभर चाळतोसच की,
सुट्टीलाबी फुकट राबतोस व्हय?

खरंय. आमचा धंदाच तो.
सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा,
पायपुसणं, झिजलेला झाडू, बाकाखालची राख,
कारागिराचा जुना बनियनसुद्धा.
जाळायचं, कुटायचं, धुवायचं, आटवायचं
आणि तळाला मुगाएवढं पिवळं दिसलं
की बाकीचं गटारात.
लेंगऱ्यापासून इथवर फेकत आलो आम्ही.

सारच्या टेकाडावर उलटा कारभार.
डॉक्टर मासूमा, डोक्याला काळा रुमाल, वर उन्हाची टोपी,
म्हणाली, काही टाकू नका. आधी मला विचारा.
तिचं मोडकं हिंदी, माझं मोडकं अरबी,
मध्ये चाळणी.
समोर रोवेना, इस्पितळातून रात्रपाळी करून थेट आलेली,
जांभई आली की चाळणी थांबायची.
हाजी मक्की खुर्ची टाकून बसलेले:
लहानपणी याच उतारावरून
झावळीवर बसून घसरायचो आम्ही.
खाली लोकांची घरं आहेत हे कोण सांगणार?
आई ओरडायची ती फक्त कपड्यांसाठी.

माझा हात सवयीचा. माती भरभर खाली गेली.
वर उरले खडे, शिंपला, माशाचा काटा
आणि एक कोळसा.
उचलून फेकणार, तोच मासूमाने मनगट धरलं,
लगेच सोडलंही, माफ करा म्हणाली,
पण कोळसा नको. कोळसा नको फेकू.
चिमट्याने उचलून तिने तो
चंदेरी कागदात गुंडाळला, बर्फीला वर्ख लावावा तसा,
वर आकडा घातला, तारीख घातली.
कुणाच्या तरी चुलीतला. चार हजार वर्षांमागे
कुणी मासा भाजला, खाल्ला,
काटा तिथंच टाकला
आणि हात कशाला पुसले असतील, कोण जाणे.

दुपारी चहा, खुब्ज, आणि एक डबा.
डब्यात चौकोनी गुळगुळीत दगड,
फाशासारखा, पण ठिपक्यांवाचून.
नक्कल आहे, मासूमा म्हणाली, वजन मात्र अस्सल.
शाळेतल्या पोरांच्या हातांतून फिरत तो माझ्याकडे आला.
मी तळहात जरा खालीवर केला.
वीस वर्षं तागडीपाशी गेली की हाताचाच काटा होतो.
जुन्या हिशेबानं, मी म्हणालो,
एक तोळा दोन मासे.

तिने वजनकाटा मागवला. आकडा बघून बोलली नाही काही,
वहीत लिहिलं,
शेजारी हणमंत, उजवीकडून डावीकडे.
आजवर तसं ते फक्त ओळखपत्रावर होतं.
मग म्हणाली, हे माप तुमच्या बाजूचं. समुद्रापलीकडून आलं.
म्हणजे कुणीतरी माझ्याआधी
वजनं फडक्यात बांधून इथं उतरला होता.
त्याला कफील होता का?
परत गेला का?

आणि दोन मासे!
एक चाळणीत, एक तागडीत.
हसू आलं, पण ते सांगायला
त्या अख्ख्या टेकाडावर माझ्या भाषेचं कुणी नव्हतं.
रोवेनाने विचारलं, काय झालं?
मी म्हटलं, फिश. तिने मान डोलावली.

रात्री खोलीवर बूट काढले,
फरशीवर मूठभर धूळ सांडली.
किती मिळालं? सर्जेराव म्हणाला
आणि झाडू घेऊन आला.
थांब, म्हटलं.
त्यात काय हाय?
माहीत नाही, म्हटलं. विचारायला पाहिजे.