शून्यावर आणलेलं पाणी

बोअरचं नकोच. कूलरच्या खसाला
मे महिन्यात पांढरी खार चढते त्याची,
आणि ते मीठ आपल्या कामाचं नाही.

नळाला पेंचचं येतं, साडेसहाला, क्लोरीनच्या वासासकट.
रात्रभर उघडं ठेवून मीटर बुडवला :
दोनशे चाळीस.
खोब्रागडे काकू म्हणाल्या, "आम्ही पिऊनच राहिलो ना बाप्पा!"
हो. आपण पितो नि विसरतो.
मासा त्यातच राहतो.

शेवटी आरओ. एका बादलीमागे तीन वाया;
त्यात काकूंचा अख्खा जिना धुऊन निघाला.
मीटरवर शून्य.

आता लिटरला पस्तीस ग्रॅम, तोलून,
मानेवाड्यात, दुसऱ्या मजल्यावर,
समुद्र ढवळून राहिली मी.

बोट चाटलं.
चव बरोबर आहे का,
इथे विचारू कोणाला?