सेकंदाला साठ

सत्तावीस हजार सोम.
नऊशे ब्लाउजांच्या बाह्या, जोडीला तीस,
ऑक्टोबरपासून रोज दोन तास जादा.
पाकीट कोटाच्या अस्तरात शिवून आणलंय,
पैसे द्यायचे तर दुकानात टाका उसवावा लागेल.

बिश्केकवर कोळशाचा धूर खाली बसलाय.
बाजाराच्या दुसऱ्या मजल्यावर प्रत्येक गाळ्यात
निळे-जांभळे दिवे गरगरतायत, लग्नाच्या हॉलसारखे,
आणि सियमिक माझ्यापुढे चार पावलं,
वहीचं पान मुठीत.
ते पान मला पाठ आहे.
तीन आठवडे स्वयंपाकघरात पडून होतं,
खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं,
मदरबोर्डच्या किमतीवर चहाच्या कपाचा गोल.

दुकानदार तालाय ओठ हलवत आकडे वाचतो.
"पोरगा हुशार आहे, ताई. पण दीड हजार कमी पडतायत.
रॅमची एकच पट्टी घ्या, दुसरी उन्हाळ्यात."
सियमिक मान हलवतो. दोनच. जोडीनं चालतात त्या.
बरोबर आहे, कात्रीचं एक पातं कोण विकत घेतं?

"मग पॉवर सप्लाय हा घ्या, निम्म्या किमतीत."

इथे मात्र मी तोंड उघडते.
त्या डब्यातलं मला काही कळत नाही,
दोरा कळतो.
कापड कितीही भारी असो, बटणं शिंपल्याची,
दोरा हलका घेतला
की पहिल्या धुण्यात खांदा हातात येतो.
आणि आमच्याकडे जानेवारीत बल्ब
कधी काजवा असतो, कधी सूर्य.
"जड असेल तो द्या," मी म्हणते.
तालाय हसतो, आणि पानावर होता तोच काढतो.

मग ग्राफिक्स कार्ड.
नवं परवडत नाही, हे पानावरच आहे,
दोनदा अधोरेखित.
काउंटरखालून तीन जुनी निघतात.
दोन चकचकीत. तिसरं मळकट, एका पंख्याला घरघर.
"खरं सांगा, कुठून आलीत?"
तो पोराकडे बघतो, मग माझ्याकडे.
"चकचकीत दोन्ही क्रिप्टोच्या गोदामातली.
दोन वर्षं, रात्रंदिवस. धुऊन-पुसून ठेवलीत.
हे मळकं एका विद्यार्थ्याचं, तो कोरियाला गेला."

मी एक चकचकीत उचलते.
पाहुणे यायचे त्या दिवशी
मालकीण आम्हा सोळाजणींना नवे एप्रन वाटायची.
खाली ठेवते.
"मळकं द्या. पंख्याला मी तेल घालीन,
मशीनचं तेल आहे घरात."
सियमिक तोंड उघडतो, धूळ फुंकतो, गप्प होतो.

राहिली कॅबिनेट. काचेची, दिव्यांची, दोन हजारांची.
तो तिच्याकडे बघतो, बघत नसल्यासारखा,
मग स्वतःच शेवटची ओळ खोडतो.
आमच्या हिशेबनीस बाईंचा एक मेलेला कॉम्प्युटर
इस्त्रीच्या टेबलाखाली पाय अडवतोय कधीचा.
तो पत्रा मागून आणू.

मी टाका उसवते. पाचशे उरतात.
दोन सामसे, दोन तिकिटं.

मार्श्रुत्कामध्ये खोकी आमच्या मांडीवर,
खिडकीवर वाफ,
आणि सियमिक न थांबता बोलतोय,
वडील मॉस्कोला गेल्यापासून एवढं बोलला नव्हता:
खेळात सेकंदाला साठ चित्रं लागतात,
कमी पडली की डोळा अडखळतो.

मी मनात भागाकार करते.
माझी सुई मिनिटाला चार हजार टाके घालते.
"सेकंदाला सहासष्ट," मी म्हणते,
"तुझ्यापेक्षा सहा जास्त."

तो खोक्यावरून मान वर करतो,
पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघतो.
"किती वॉट घेतं ते?"

मोटरवर लिहिलं असेल.
सोमवारी बघून सांगते.